बाप्तिस्मा कोणी दिला

कळंबोली, सोमवार, १७ मार्च २०२५

अरविंदास दादाचा सलाम.

तुझ्या बाप्तिस्म्याच्या टाकीला खरं काय लागलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना सोपं जाईल. स्टेनलेसचा सोळा गेज पत्रा, दुकानातला सगळ्यात चांगला गठ्ठा फोडून काढलेला. आर्गन वेल्डिंगचे चार दिवस, त्यातले दोन गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारून त्याच्या शिव्या खाण्यात गेले. तुझ्या मंडळीतल्या वेणूबाईंसारख्या गुडघे धरलेल्या माणसांसाठी आत तीन पायऱ्या आणि धरायला पाइप. हे तू सांगितलं नव्हतंस, मी माझ्या मनानं केलं. टेंपोतून उतरवल्यावर टाकी तुझ्या मंडळीच्या खारघरच्या गाळ्यात जाईना, म्हणून शटरची चौकट कापून पुन्हा जोडून दिली. माझी कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. एवढ्यात टाकी झाली. काल त्यात आणखी एक गोष्ट गेली, ती मी धरली नव्हती. एक भाऊ.

तुला वाटलं असेल, उद्घाटनाची प्रार्थना झाली आणि दादा कळंबोलीला निघून गेला. गेलो नाही. पडद्याआड होतो, टाकीच्या मागे, उकिडवा बसून. दोन हजार लिटर पाणी पहिल्यांदाच भरलेलं. सांधा रडायला लागला की डोळ्यांना दिसायच्या आधी माझ्या कानांना कळतं. अख्ख्या लोखंड बाजाराला ठाऊक आहे, सळई फरशीवर टाकली की आढावशेठ नुसत्या आवाजावर सांगतात, माल कसा आहे. माणसाचंही तसंच. खोटं बोलणाऱ्याचा आवाज बद्द येतो. नगरहून एक पिशवी घेऊन आलेला माणूस कळंबोलीत दुकानाचा मालक होतो, तो ह्या दोन कानांवर.

तर मी टाकीला कान लावून बसलो होतो आणि ऐकू आलास तू.

आधी जस्ताचं उदाहरण दिलंस. "कळंबोलीत जाऊन विचारा. ब्रशनं मारलेला चंदेरी रंग पहिल्या पावसात निघतो. जस्तात बुडवून काढलेला पाइप पंधरा वर्षं गंजत नाही. शिंपडणं आणि बुडणं, एवढाच फरक आहे, बंधूंनो!" लोक हसले. हे उदाहरण माझं. माझ्या दुकानात, माझा चहा पिताना तू माझ्याकडून ऐकलेलं. तेव्हा मी पाइपाबद्दल बोलत होतो.

मग आवाज खाली आणलास. "मला एक माणूस माहीत आहे. मरायला टेकलेल्या बाळाच्या कपाळावर त्यानं ग्लासातलं पाणी ओतलं. आज चोवीस वर्षं तो त्या ग्लासाच्या आड उभा आहे. स्वतः पाण्यात उतरला नाही, कधी पाप कबूल केलं नाही. विचारलं की ग्लास दाखवतो. ग्लासानं कोणी तरत नाही!"

नाव घेतलं नाहीस, मान्य. चाळीस माणसांत ते दोघांनाच कळलं. एक पडद्याआड होता. दुसरी चौथ्या ओळीत, तुझी वहिनी. आणि तिनं "आमेन" म्हटलं. चाळीस जणांच्या आमेनमधून मी माझ्या बायकोचं आमेन वेगळं काढू शकतो.

तुला विसर पडला असेल तर लिहून देतो. सतरा जुलै दोन हजार एक. सातव्या महिन्यात झालेलं पोर, काचेच्या पेटीत, तळहाताएवढं. तुझी वहिनी वैजयंती ऑपरेशननंतर शुद्धीवर नाही. तू रक्ताची बाटली आणायला गेलेला. पाळक पनवेलहून निघालेले, पण पोचले नव्हते. पपांनी आपल्याला लहानपणीच शिकवलं होतं, बाळ जात असेल आणि पाळक जवळ नसतील, तर जो विश्वासणारा हजर असेल त्यानं पाणी घ्यावं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं द्यावं, तो बाप्तिस्मा चालतो. दुपारी तीन वाजता मी ह्या हातानं स्टीलच्या ग्लासातलं पाणी घेऊन माझ्या मुलाला बाप्तिस्मा दिला. निशांत नाव ठेवलं. त्याचा शेवटचा श्वास ह्या कानांनी ऐकला. मी दुकान केलं, घर केलं, तुला बायबल कॉलेजात घालून पाळक केलं. पण जोतीराम आढावानं आयुष्यात काय केलं असं कुणी विचारलं, तर मी तेवढं एकच सांगेन.

येत्या रविवारी त्याच जागी उभा राहा आणि ते वाक्य मागे घे. फोन करू नकोस. तुझा गळा पपांचा आहे, फोनवर मी विरघळतो. म्हणून तर लिहितोय.

टाकी गळत नाही. थेंबसुद्धा नाही.

तुझा दादा


कळंबोली, बुधवार, २६ मार्च

अरविंद, सलाम.

रविवारी तू काही मागे घेतलं नाहीस. मला कुणी सांगितलं नाही. मी शटरसमोर गाडीत होतो, काच खाली करून.

तुझा निरोप मात्र वहिनीच्या मोबाइलवर आला. तिनं वाचून दाखवला. "दादा, बाळाला पाण्याची गरजच नव्हती. तारण कृपेनं होतं, पाण्यानं नाही. लेकरं प्रभूचीच असतात. ज्याला कळतं त्यानं कळून-सवरून बाप्तिस्मा घ्यायचा. मी तुझा अपमान केला नाही, मला तुझी काळजी वाटते."

वाचायला गोड आहे. पण गरज नव्हती, तर त्या दिवशी बोलला का नाहीस? तेवीस वर्षांचा होतास, बायबल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या गळ्यात पडून म्हणालास, "दादा, तू त्याला प्रभूच्या हाती दिलंस." ते वाक्य मी चोवीस वर्षं सांभाळलं. आता तू सांगतोस की तो देवाच्या हातात आधीच होता, मी उगाच मध्ये कडमडलो.

मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. मला बाप्तिस्मा एवढाच कळतो: पोर घरात येतं तेव्हा त्याला काय कळतं? काही नाही. तरी आपण त्याला आडनाव लावतो. ते चालायला लागेल, आपल्याला बाप म्हणेल, मग लावू, असं म्हणत थांबत नाही. देव आधी हात पुढे करतो, माणूस नंतर. पपांनी अकराव्या दिवशी मला वेदीपाशी नेलं, तुलाही नेलं. तू मोठेपणी पुन्हा पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलास तेव्हा पपांचा तो दिवस तू खोडलास, हे मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो.

काल वाशीला आपल्या चर्चमध्ये जाऊन आलो. जुनं रजिस्टर काढायला लावलं. पानं पिवळी, पण शाई धड आहे. रकाने वाचतो, ऐक. नाव: निशांत जोतीराम आढाव. बाप्तिस्म्याची तारीख: १७ जुलै २००१. बाप्तिस्मा कोणी दिला: जोतीराम यशवंत आढाव, वडील. साक्षीदार: अरविंद यशवंत आढाव. खाली सही. ती तुझी आहे, अरविंद. त्या 'द'ची शेपटी तू अजून तशीच काढतोस. ज्या गोष्टीचा तू साक्षीदार, तिच्यावर माईक घेऊन लोकांकडून आमेन म्हणवून घेतलंस. याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते पाळकाला लिहिण्यासारखं नाही.

आणि आता दुसरं. परवा संध्याकाळी वैजयंती कणीक मळत होती. टीव्ही मोठ्यानं चालू, कुकरची शिट्टी, खाली सोसायटीत पाण्याच्या मोटरचा आवाज. त्या सगळ्यातून मला तिचं पुटपुटणं ऐकू आलं. "मी वैजयंती, आज मंडळीसमोर साक्ष देते..." पाठ करत होती.

"कशाची तयारी चाललीय?" मी विचारलं.

"पुनरुत्थानाच्या रविवारची, वीस एप्रिलची. सात जण आहोत. माझा नंबर चौथा."

"हे कधी ठरलं?"

"जानेवारीत."

"म्हणजे मी टाकी करायला घेतली तेव्हा तुला माहीत होतं?"

"अहो, पायऱ्या बसवत होतात तेव्हा मी म्हटलं नव्हतं का, उंची जरा कमी ठेवा म्हणून?"

म्हटलं होतं. मला वाटलं वेणूबाईंच्या गुडघ्यांची काळजी.

माझी बायको माझ्याच टाकीत उतरणार, ती बाहेर येईल तेव्हा निशांतच्या कपाळावरचं पाणी खोटं ठरलेलं असेल, आणि हे तुम्हा दोघांना तीन महिने ठाऊक होतं. तिला थांबव. तू पाळक आहेस, तुझं ऐकते. वीस एप्रिलच्या आत तिचं नाव कमी कर.

जोतीराम


कळंबोली, गुरुवार, १० एप्रिल

अरविंद,

मंगळवारी दुपारी मी टेंपो आणि कटिंग ग्राइंडर घेऊन तुझ्या हॉलवर आलो होतो, हे तुला कळलंच असेल. टाकी कापून परत न्यायची होती. आत वेणूबाई एकट्या, खुर्च्या पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "टाकी न्यायला आलास?"

"हो."

"मंग ने बाबा. मी खाडीत जाईन बुडायला. जल्मापासून खाडीत हाय, मना भीती नाय." पुसता पुसता थांबल्या. "पन खाडीत पायऱ्या नायत रं."

टेंपो रिकामा परत आला. कळंबोलीचे दलाल मला तीस वर्षांत हरवू शकले नाहीत, एका म्हातारीनं हरवलं. असो.

पण मी लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. काल वैजयंती म्हणाली, टाकीत उतरण्याआधी तिला एकदा विमलबाईंना भेटायचंय. विमलबाई, निशांतच्या वॉर्डातल्या आयाबाई. निशांतपाशी त्या वेळी त्याच होत्या, हे मीच कधीतरी तिला सांगितलं होतं, माझी चूक. वैजयंती म्हणते, "माझं पोर गेलं तेव्हा मी शुद्धीत नव्हते. मला तो दिवस फक्त तुमच्या तोंडून माहीत आहे. एकदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू दे." आणि तू म्हणे उरणला जाऊन त्यांचं घरही शोधून आलास. सोमवारी दोघं जाणार आहात.

अरविंद, हे करू नकोस. बाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर वॉर्डात किती पोरं आली-गेली, त्यांना एक कसं आठवेल? उगाच भलतंच काहीतरी सांगतील, आणि वैजयंतीला शुगर आहे, उन्हाचं तिला उरणपर्यंत न्यायचं म्हणजे टेन्शन. जुनी खपली काढून कुणाचं भलं झालंय?

मी असं करतो. तुझं ते वाक्य तू मागे घेऊ नकोस. सोडून दिलं मी. मंडळीत पुन्हा बोललास तरी चालेल. टाकी तुझीच. वहिनीला उतरायचं तर उतरू दे, मी कोपऱ्यात उभा राहून टॉवेल धरीन. एवढा मोठेपणा मी दाखवतोय, तर तूही दाखव.

फक्त उरणला जाऊ नका.

दादा


कळंबोली, शनिवार, १९ एप्रिल

अरविंद, सलाम.

तुम्ही सोमवारी गेलातच. वैजयंती संध्याकाळी घरी आली, चपला काढल्या, पंखा लावून खाली फरशीवरच बसली. मी वर्तमानपत्र वाचत होतो, पान तेच.

"विमलबाईंना सगळं आठवतं," ती म्हणाली.

"हं."

"मला मिठी मारून रडल्या. म्हणाल्या, 'बाय, तुज्या पोराला त्याच्या बापानंच पानी दिला. मी तितंच उबी. ह्या डोल्यांनी बगला.'"

मी पान उलटलं.

मग तुझी वहिनी म्हणाली, "मी भावजींना माझं नाव काढायला सांगितलंय. तुमच्या हातचं पाणी खोटं ठरवून मी उतरणार नाही." मग माझ्याकडे वळली. "आणि मला माफ करा. मला चोवीस वर्षं वाटत होतं की तुम्ही खोटं बोलताय."

"मी? कशावरून?"

"त्या दिवसाची गोष्ट तुम्ही दर वेळी त्याच शब्दांत सांगता. ह्या हातानं, ह्या कानांनी. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. बाकीच्या गोष्टी सांगताना तुम्ही किती मीठमसाला लावता! ही तेवढी पाठ केल्यासारखी. म्हणून त्या दिवशी माझ्या तोंडून आमेन गेलं. माझंच चुकलं."

म्हणजे घरात कान मला एकट्यालाच नव्हते.

मी तुझ्याकडे जे जे मागितलं होतं ते सगळं मला मिळालं बघ. साक्षीदार मिळाला, बायको टाकीतून परत आली, तूही गप्प झालास. सोमवारपासून आज शनिवार. घास जात नाही. काल उत्तम शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेला वाशीला जाऊन बसलो. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात वाक्यांपैकी एकही कानात शिरलं नाही.

तुला जस्ताचं एक सांगायचं राहिलं होतं. उदाहरण अर्धंच घेऊन गेलास. पोकळ नळी दोन्ही तोंडं बंद करून वितळलेल्या जस्तात सोडली तर आतली हवा तापते आणि नळी फुटते, आजूबाजूच्यांना भाजते. आधी भोक पाडावं लागतं. तर पाडतो.

विमलबाई खोटं बोलल्या. मी त्यांना सांगितलं नव्हतं, निरोप पाठवला नव्हता. माझी बायको दारात उभी बघून त्या आपणहून बोलल्या.

डॉक्टर म्हणाले होते, आता थोडाच वेळ. विमलबाईंनी वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरला एकदा जाणाऱ्या बाळाला असं पाणी देताना बघितलं होतं. त्यांनीच ग्लास भरला, माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "दे बाबा, तुज्या देवाचा पानी." मी पोराकडे बघितलं. त्याच्या छातीची कातडी आत जायची, बाहेर यायची, आणि मधे एक बारीक आवाज. शब्द मला पाठ होते. पपांनी पाठ करून घेतले होते. मी ग्लास टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. मागून त्या हाक मारत होत्या.

नंतर त्या मला शोधत आल्या, पदराला हात पुसत. "दिला," म्हणाल्या. "बापाच्या, पोराच्या आनि पवित्र आत्म्याच्या नावानं. नाव मना ठावं नव्हता, बाला म्हनलं. मंग गेला." मी त्यांना म्हटलं, कुणाला सांगू नका. नाही सांगितलं त्यांनी. सोमवारपर्यंत नाही, आणि सोमवारीही नाही.

पाच वाजता पाळक आले. वही काढून विचारलं, बाप्तिस्मा कोणी दिला? माझ्या तोंडून "मी" निघालं. एवढंच. त्यांनी ते चर्चच्या रजिस्टरात चढवलं. तू त्याखाली सही केलीस, काही न बघता, माझ्या शब्दावर. तेव्हा साक्षीदार म्हणून जे मी तुझ्या तोंडावर फेकलं, ते मागे घेतो. घात झाला असं चार आठवडे मी लिहीत होतो. झाला होता, पण माणूस मी चुकीचा धरला.

विमलबाई एकवीरेला जाणारी बाई. तिच्या हातचं पाणी तुझ्या मंडळीत धरत नाहीत. माझ्या चर्चमध्ये धरतील का, ते सोमवारी विचारायला जाणार आहे, रकाना दुरुस्त करायला लावणार आहे. ते काय म्हणतील माहीत नाही. मला विचारशील तर पोराचं काही अडलं नसेल. तू म्हणतोस तसंही नाही आणि मी म्हणतो तसंही नाही. तारणाचा प्रश्न त्या दुपारी कुणापुढे होता तर तो बाहेर गेलेल्या माणसापुढे, आणि तो अजून तसाच आहे. तू म्हणालास, तो माणूस ग्लासाच्या आड उभा आहे. तुला ठाऊक नसताना नेमकं बोललास.

हे पत्र पाकीट न चिकटवता वैजयंतीच्या बायबलवर ठेवतोय. तुझ्या हातात आलं तर समज, तिनं वाचून आणलंय. उद्या ती टाकीत उतरेल की नाही, घरी परत येईल की नाही, हे आता तिचं. उतरली तर हात घट्ट धर. दुसरी पायरी जरा निसरडी आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, त्याचा शेवटचा श्वास ह्या कानांनी ऐकला. तो विमलबाईंनी ऐकला. मी जिन्यात बसलो होतो, दोन्ही कानांवर हात ठेवून.